मोगूबाईंची तालीम

नामांकित गवयाचें चरित्र सांगतांना मैफली, मानपत्रें आणि बिदाग्या यांचीच यादी आपण बहुधा देतों. श्रीमती मोगूबाई कुर्डीकर यांच्या बाबतींत मात्र सांगण्यासारखा इतिहास आहे तो तालीम वारंवार तुटण्याचा.

१९०४ सालीं गोमंतकांतील कुर्डी गांवीं त्यांचा जन्म झाला. मुलीनें गाणें शिकावें हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. त्यासाठीं त्यांनीं तिला नाटकमंडळींत घातलें. पण १९१४ सालीं आईच निवर्तली आणि मुलगी पोरकी झाली. पुढें सातारकर स्त्री संगीत मंडळींत भूमिका करतां करतां कांहीं शिक्षण मिळालें. तीही मंडळी सुटली आणि मुक्काम सांगलीस आला.

तेथें ही मुलगी एकटीच मेहनत करीत असे. एके दिवशीं रस्त्यानें जाणारे एक वृद्ध गृहस्थ तो सूर ऐकून थबकले, घरांत आले आणि शिकवूं लागले. हे कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखां, हें तिला मागाहून कळलें, असें सांगतात.

१९२२ सालीं शाहूमहाराज वारले. खांसाहेब मुंबईस आले, त्यांच्यामागोमाग मोगूबाईही आल्या; पण येथें तालीम थांबली. त्या काळीं घराण्याची विद्या मिळकतीसारखी जपली जाई. धनिक आश्रयदात्यानें अट घातली, कीं उस्तादाचे हात बांधले जात. मोगूबाईंपाशीं ना धन होतें, ना वशिला. त्या आग्रा घराण्याच्या बशीरखां व विलायत हुसेनखां यांकडे शिकूं लागल्या. तें अल्लादियाखांस रुचलें नाहीं. त्यांनीं आपले बंधु हैदरखां यांची तालीम देवविली. कांहीं वर्षें ती उत्तम चालली, आणि मग हैदरखांही मुंबई सोडून गेले!

पुन्हां एकटीची मेहनत. त्यांच्या लयीवरील हुकमतीचें जाणकारांनीं पुढें जें कौतुक केलें, तिचें मूळ मला या एकाकी वर्षांत दिसतें. समोर गुरु नसतां तबल्याचा ठेका तेवढा चूक दाखवीत होता.

अखेर १९३४ सालीं अल्लादियाखांनीं त्यांस विधिपूर्वक गंडा बांधला. तेव्हां त्या तिशीच्या होत्या, पदरीं लहान मुलगी होती. ही तालीम १९४६ सालीं खांसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत चालली.

ती मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. तिला स्वतः शिकवीत असतांच मोगूबाईंनीं तिला आग्रा घराण्याचे अन्वर हुसेनखां आणि भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकावयास पाठविलें.