द्राक्षाचा घड नेमका कधी ठरतो? डोळ्यापासून नव्या वाणापर्यंत सगळं सोप्या भाषेत

फेब्रुवारीत नाशिकमध्ये द्राक्षांचे क्रेट दिसू लागले की आपण भाव विचारतो, पिशवी भरतो आणि निघतो. पण त्या घडाचा निर्णय आदल्या उन्हाळ्यातच झालेला असतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शेतीतज्ज्ञ नाही. तरी हे गणित मला समजून घ्यावंसं वाटलं, कारण इथल्या कितीतरी घरांचं वर्षभराचं उत्पन्न त्यावर उभं आहे.

एक पीक, दोन छाटण्या

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, म्हणून तिथे वर्षातून एकदाच छाटणी होते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून साधारण एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नव्या काड्या तयार करण्यासाठी. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, फळ घेण्यासाठी. बागलाण भागात काही शेतकरी ही दुसरी छाटणी बरीच आधी करतात, त्यांचा माल बाजारात लवकर येतो.

डोळ्याच्या आत काय चालतं?

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांमध्ये एक बारीक उंचवटा तयार होतो. त्याचा घड होऊ शकतो किंवा बाळी, म्हणजे तारेला विळखा घालणारा तंतू. दोन्ही एकाच उंचवट्यातून येतात! भरपूर ऊन, पुरेसं अन्न आणि सायटोकायनिन हे संजीवक असेल तर घडाची शक्यता वाढते. ढगाळ हवा, दाट सावली आणि जास्त जिबरेलिन असेल तर बाळीची.

म्हणूनच या काळात शेतकरी ६-बीए आणि जिबरेलिनला आवर घालणारं सीसीसी फवारतात. गंमत म्हणजे गोडी छाटणीनंतर तेच जिबरेलिन, म्हणजे जीए, मुद्दाम वापरलं जातं. घड लांब आणि मणी मोठे करायला. औषध तेच, पण वेळ चुकली की परिणाम उलटा.

आधीच कळतं का?

हो, डोळे तपासणी करून. गोडी छाटणीआधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत देतात. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. त्यावरून काडी कुठे कापायची ते ठरतं. आमच्या भाषेत हे रिलीजआधीचं टेस्टिंग. फक्त इथे बग सापडला तरी दुरुस्त करता येत नाही. डोळ्यात घडच नसेल तर ऑक्टोबरनंतर कितीही खत घाला, तो येणार नाही.

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. एप्रिलमध्ये छाटलेल्या बागेसाठी हे नेमके डोळ्यांत घड ठरायचे दिवस. तेव्हा आभाळ झाकलेलं राहिलं, तर त्याचा हिशोब थेट पुढच्या हंगामात लागतो.

मग नवीन वाण का नाही काढत?

काढतात, पण वेळ लागतो. आपल्याकडचे गाजलेले वाण बरेचदा शेतकऱ्यांच्या नजरेने सापडलेत. थॉमसन सीडलेसमधून सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी शरद सीडलेस दिला.

ठरवून संकर करायचा तर काम नाजूक आहे. द्राक्षाच्या बारीक फुलाला पाकळ्यांची एक टोपी असते, आणि आत नर-मादी दोन्ही भाग असतात. टोपी आपोआप गळायच्या आत ती आणि परागकोष चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि घडाला पिशवी बांधायची. मादी वेल बिनबियांची असेल तर आणखी अडचण. तिच्यात बी तयार व्हायला सुरुवात होते, पण मध्येच थांबते. मग तो अर्धवट गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. रोपाला फळ यायला साधारण तीन वर्षं, आणि त्यानंतर अनेक हंगामांच्या चाचण्या.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हा बुरशीजन्य रोगांना दाद न देणारा, रसासाठी चांगला वाण काढला. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. काही परदेशी वाण परवाना घेऊनच लावता येतात. ॲप विकत घेतलं म्हणून त्याच्या कॉपी वाटता येत नाहीत, तसंच त्यांची कलमं वाटता येत नाहीत.

माझ्या मते नव्या वाणात रंग आणि गोडीइतकंच एक बघायला हवं: ढगाळ मे-जूनमध्येही त्याच्या डोळ्यांत घड धरतो का? थॉमसनच्या काडीचे बुडाकडचे डोळे मुळातच कमी फळतात, त्यामुळे हवा बिघडली की शेतकऱ्याच्या हातात फार पर्याय उरत नाहीत.

पुढच्या मे महिन्यात फोनवर अवकाळी पावसाचा अलर्ट आला, तर फेब्रुवारीतल्या द्राक्षांची बातमीही त्यातच आहे, हे लक्षात ठेवा. काही शंका असतील तर नक्की विचारा!