पंखांतील फट

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लाखनी हें गांव लागतें. सभोंवार मुलूख धानाचा. उंच बांधांनीं वेढलेल्या लहान लहान बांध्या, मधून मधून तलाव व बोड्या, आणि पलीकडे जंगल. पश्चिमेस नागपूरचें सोनेगांव आणि ईशान्येस गोंदियाजवळची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें बांधलेली बिर्सीची धावपट्टी, या दोहोंच्या दरम्यानचा प्रदेश बहुतेक असाच आहे. अशा मुलुखावरून जाणाऱ्या एक-इंजिनी लहान विमानाचें यंत्र अकस्मात् बंद पडलें, तर वैमानिकाला एकच चिंता पडते. विमान किती जलद जातें हें तेव्हां कोणी विचारीत नाहीं. तें किती सावकाश उतरूं शकतें, यावर प्राण अवलंबून असतात.

विमानाचा वेग कमी करावयाचा तर नाक वर उचलावें लागतें. पण त्याला मर्यादा आहे. पंख वाऱ्याशीं फार मोठा कोन करूं लागला कीं वरच्या पृष्ठभागावरून वाहणारी हवा पंखाला सोडून जाते, उचल एकाएकी ढासळते, आणि एक पंख दुसऱ्याच्या आधीं ढासळला तर विमान गिरक्या घेत खालीं येतें. विमानविद्येच्या पहिल्या पिढींत या गिरकीनें घेतलेले बळी थोडे नव्हते.

गुस्टाव्ह लाखमान नांवाचा जर्मन तरुण १९१७ सालीं उड्डाणाचें शिक्षण घेत असतां असाच कोसळला. इस्पितळांत पडल्या पडल्या त्यानें विचार केला कीं पंखाच्या पुढल्या कडेशीं एक अरुंद फट ठेवली, तर खालची हवा तींतून जोरानें वर येईल आणि सुटूं पाहणाऱ्या हवेला पंखाशीं धरून ठेवील. पेटंट कचेरीनें ही कल्पना प्रथम अमान्य केली. इंग्लंडांत हँडले पेज यांनीं स्वतंत्रपणें तीच युक्ति काढून दाखविल्यावर ग्यॉटिंगेनच्या प्राण्ड्ट्ल यांनीं कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यांत तिची परीक्षा घेतली. उचल निम्म्याहून अधिक वाढलेली आढळली, आणि लाखमानला पेटंट मिळालें. पुढें तो हँडले पेज यांच्याच कारखान्यांत नोकरीस लागला, ही गोष्ट त्या दोघांनाही भूषणावह आहे.

टायगर मॉथ या विमानाच्या वरच्या पंखांना ही फट होती. हिंदुस्थानांतील वैमानिकांच्या एका संबंध पिढीनें उडण्याचे पहिले धडे याच विमानावर गिरविले. फटीवरची पट्टी वेग मंदावला कीं आपोआप पुढें सरके. परंतु कसरती करतांना ती कुलूपबंद करण्याची दांडीही वैमानिकाच्या हाताशीं दिलेली होती. म्हणजे हितकारक अशी ही वस्तु सर्वकाळ हितकारक नव्हती, हें रचनाकारांसच ठाऊक होतें.

याच विमानाची १९४१ सालची हकीकत याहून बोधप्रद आहे. युद्धासाठीं त्यावर निरनिराळीं ओझीं चढलीं, आणि पंखांच्या कडेला हालणाऱ्या फळ्यांना समतोलासाठीं वजनें जोडलीं गेलीं. प्रत्येक भर सद्धेतूनेंच घातलेली होती; पण गिरकींतून बाहेर पडण्यास विमान पूर्वीसारखें तत्पर राहिलें नाहीं, अशा तक्रारी येऊं लागल्या. फार्नबरोच्या संशोधनसंस्थेनें तपास केल्यावर तीं वजनें काढून टाकण्यांत आलीं, आणि शेपटीजवळ धडाच्या दोन्ही अंगांस अरुंद पट्ट्या बसविण्यांत आल्या. एक दुरुस्ती काढणें हीच दुसरी दुरुस्ती ठरली.

जर्मनीच्या श्टोर्ख विमानानें १९३६ मध्यें फटीचें तत्त्व शेवटच्या टोकाला नेलें. पंखाच्या संपूर्ण लांबीभर पुढें कायमची फट, मागें मोठे झडप; परिणामीं तें ताशीं पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगानेंही हवेंत तरंगे. मात्र २४० अश्वशक्तीचें इंजिन असूनही त्याची धांव ताशीं सुमारें १७५ किलोमीटरांच्या पुढें जाईना. फट उघडी ठेवल्याचें भाडें तें रोज भरीत होतें.

ज्या ग्यॉटिंगेनमध्यें त्या फटीची परीक्षा झाली, तेथेंच प्राण्ड्ट्ल यांच्या हाताखालीं १९३६ सालीं डॉक्टरेट मिळविणारे विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्यें त्यांच्या नेतृत्वाखालीं १९५८ सालीं ‘पुष्पक’ उडालें: दोन आसनांचें, ९० अश्वशक्तीचें, उड्डाणमंडळांसाठीं केलेलें साधें विमान. तेंच वाढवून १९५९ मध्यें ‘कृषक’ झालें. वजन सुमारें दुप्पट, पण इंजिन २२५ अश्वशक्तीचें, म्हणजे अडीचपट. सैन्याच्या टेहळणीला आंखूड जागेंतून उठणारें विमान हवें होतें. आणि उठण्याच्या कामीं अश्वशक्तीची बरोबरी करणारी युक्ति क्वचितच सांपडते.

अलास्कांतील वैमानिक आजही आपल्या विमानांवर नाना प्रयोग करतात. पंखावर नखाएवढ्या पत्र्यांच्या ओळी चिकटवितात. त्यांच्या भोंवऱ्यांनीं हवा पंखाशीं अधिक वेळ चिकटून राहते, आणि मंद वेगांतही सुकाणूं हाताला ऐकतें. हा लाभ खरा आहे. परंतु ‘माझें विमान अमुक इतक्या अल्प वेगानें उडतें’ या प्रौढीवर विश्वास ठेवण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नाक फार वर गेलें कीं वेगमापकाच्या नळीवर वारा तिरपा येतो आणि कांटा बहुधा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. नव्या पंखानें अधिक मोठा कोन पेलला कीं ही चूकही वाढते. सुधारणेचा एक भाग पंखांत असतो, दुसरा कांट्यांत.

शिवाय अशा मंद उड्डाणांत हवेचा विरोध अतोनात वाढतो, व तो तोलून धरण्याचें काम इंजिन करीत असतें. लाखनीच्या बांध्यांवर इंजिन थांबलें, तर ताशीं साठ किलोमीटरांनीं तरंगत राहण्याची करामत तेथेंच संपते. वैमानिकाला नाक खालीं करून वेग जमवावा लागतो, आणि जमिनीजवळ येतांच तोच वेग एका क्षणांत खर्चून विमान टेंकवावें लागतें. त्या शेवटच्या क्षणीं फट साहाय्य करते. सहा बांधांपैकीं एक चुकवूं शकते. त्या आधींचा मिनिटभर मात्र तिचा उपयोग वैमानिकाच्या हातावर अवलंबून असतो.