उशीत शिवलेला मुकुट

हंगेरीच्या राजांच्या वंशावळी मी पुष्कळ चाळल्या, पण पंधराव्या शतकातला तो देश मला खरा दिसला तो हेलेने कोटानर या बाईच्या आठवणींतून. सोप्रोन गावच्या एका लहानशा उमराव घराण्यातली ही मुलगी. पहिला नवरा तिथलाच नगराध्यक्ष. तो वारल्यावर व्हिएन्नाच्या योहान कोटानरशी तिनं लग्न केलं. राणी एलिझाबेथच्या पदरी ती होती, आणि राणीची चिमुकली लेकही तिच्याच हाताखाली वाढत होती.

ऑक्टोबर १४३९मध्ये राजा आल्ब्रेख्त वारला, तेव्हा राणी गरोदर होती. सरदारांना तुर्कांपुढे उभा राहील असा राजा हवा होता. पोलंडच्या व्लादिस्लावशी लग्न करा, असा त्यांनी राणीकडे धोशा लावला. राणीचा जीव मात्र पोटातल्या बाळावर होता. तिथे राजा खरा ठरायचा तर तीन गोष्टी लागत, आणि हेलेनेनं त्या नीट नोंदवल्या आहेत: संत इश्तवानचा पवित्र मुकुट, एस्टरगोमच्या आर्चबिशपांचा हात आणि सेकेशफेहेरवार हे ठिकाण. मुकुट होता विशेग्रादच्या किल्ल्यात, कुलपाआड.

तो आणण्याचं काम राणीनं हिलाच सांगितलं. पकडली गेली तर आपलं आणि आपल्या लहान मुलांचं काय होईल, ही धास्ती हेलेनेनं लपवलेली नाही. तरी ती गेली. मागे राहिलेल्या दासींना राणीच्या मुक्कामी, कोमारोमला न्यायला आले, हे कारण तिच्याकडे होतं, आणि त्यावर कुणाला शंका येण्याजोगं काही नव्हतं. तलवारीच्या जोरावर जे कुणाला साधलं नसतं, ते राणीवशातल्या रोजच्या कामाच्या आडोशानं साधलं, असं मला ठामपणे वाटतं.

२० फेब्रुवारी १४४०ची रात्र. आत एक हंगेरियन साथीदार कानशीनं कुलपं कापतोय, जिथे कानस चालेना तिथे दार जाळतोय, आणि बाहेर ही गुडघे टेकून प्रार्थना करतेय. जरा कुठे आवाज झाला की तिचं काळीज हलतं. काम उरकल्यावर तुटकी कुलपं शौचकूपात टाकली, दारांना नवी कुलपं घालून वर राणीच्या मोहरा लावल्या. लाल मखमली उशीतली थोडी पिसं काढून मुकुट आत ठेवला आणि उशी शिवून टाकली. दुसऱ्या दिवशी ती उशी घसरगाडीवरून गोठलेल्या डॅन्यूबपलीकडे निघाली. वाटेत दासींच्या गाडीखालचा बर्फ फुटला. आरडाओरडा झाला, पण सगळ्या वाचल्या. कोमारोमला पोहोचल्या त्याच रात्री राणी बाळंत झाली. मुलगा झाला, लाडिस्लाऊस.

१५ मे रोजी, १२ आठवड्यांच्या त्या बाळाला सेकेशफेहेरवारला मुकुट चढवला. त्याचे राज्याभिषेकाचे कपडे हेलेनेनंच गुपचूप शिवले होते, त्याच्या आजोबांच्या, सम्राट सिगिस्मुंडच्या, झग्यातून. सोहळ्याच्या वेळी बाळानं असा टाहो फोडला की हा आवाज वर्षभराच्या पोराचा वाटतो, असं लोक म्हणू लागले. राज्याच्या भवितव्याची गोष्ट सांगतानाही त्या लेकराचं रडणं तिनं टिपलं, आणि मला या आठवणींचं मोल तिथेच कळतं. मोठमोठ्या बखरकारांना हे सुचलं नसतं.

दोनच महिन्यांत सरदारांनी व्लादिस्लावलाही राज्याभिषेक केला, तोही दुसऱ्या मुकुटानं. देश यादवीत होरपळला. राणीनं बाळ आणि मुकुट दोन्ही जर्मन राजा फ्रीडरिख तिसऱ्याच्या हवाली केले आणि १४४२मध्ये ती वारली. मुकुट हंगेरीत परतला तो १४६३मध्ये, माट्याश राजानं ८०,००० सोन्याची नाणी मोजली तेव्हा. लाडिस्लाऊस तोवर या जगात नव्हता. तो सतरा वर्षांचा असतानाच गेला.

हेलेनेच्या मजकुराची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, व्हिएन्नात. तिच्या साथीदाराचं नाव जिथे यायला हवं तिथे जागा कोरी आहे. १४५२मध्ये राज्यकारभार पाहणाऱ्या यानोश हुन्यादीनं कोटानर दांपत्याला किशफालुद हे गाव इनाम दिलं. तो साथीदार मात्र तिच्या मजकुरात बिननावाचाच राहिला. त्या पानांवर तो कानस हातात घेऊन उभा आहे.