बाळंतिणीचे आरोग्य आणि समाजाचे कर्तव्य

समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे आपण पराक्रमी पूर्वज, देवस्थाने व दानशूर गृहस्थ यांची नामावळी देतो. परंतु ज्या खोलीत समाजाची प्रत्येक पिढी जन्मास येते, त्या बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, अशी आपली समजूत. या समजुतीपायी आपल्या लेकीसुनांनी किती सोसले, याचा विचार व्हावा म्हणून हा अल्प प्रयत्न.

महाराष्ट्रात या विषयावरील मौन प्रथम मोडले ते थोड्या धैर्यवान माणसांनी. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय केली. पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईस संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ साली देहावसान होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, तरी ते डगमगले नाहीत. पण समाज त्यांच्या मागे उभा राहिला नाही, आणि एकट्या माणसाची वाणी खेड्याच्या वेशीपर्यंत पोहोचू शकली नाही.

आपला मुलूख तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुलीचे विवाहाचे वय किमान १४ ठरविणारा १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९८१ च्या १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. दरम्यान १९७८ साली मुलीचे वय १८ व मुलाचे २१ असे ठरले. कायदा पुढे गेला. घरातील रीत मात्र जागच्या जागी राहिली.

केवळ हुकमाने काय होते, तेही आपण पाहिले. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. ते अमलात आले नाही, एवढेच. त्या धास्तीने कुटुंबनियोजन हा शब्दच कित्येक वर्षे लोकांस नकोसा झाला.

मग मार्ग कोणता? तो आपल्या शेजारीच सापडला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम आरंभिले. बाहेरून नेमलेल्या परिचारिका खेड्यात रुळेनात, तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रिया निवडून शिकविल्या. यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या. परंतु गर्भवतीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण व दोन मुलांतील अंतर यांविषयी त्या शेजारणीच्या नात्याने बोलत, आणि त्यांचे बोलणे पटे. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २००५ पासून देशभर 'आशा' कार्यकर्ती नेमण्यात आली, तिच्यामागेही हाच विचार आहे.

याहून जवळचे उदाहरण पाचोडचे. अंबडहून फार दूर नसलेल्या पैठण तालुक्यातील या गावी डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी सायंकाळचे वर्ग काढले. रोज एक तास, वर्षभर. शिकविणाऱ्या बाया त्याच परिसरातील. आरोग्य, आहार, शरीरधर्म, बचत, कायदा असे विषय. आणि काय शिकवावे हे ठरविताना आईबापांस विचारले गेले. १९९७ ते २००१ या चार वर्षांत काय घडले? जेथे निम्म्या मुलींचे लग्न सोळाव्या वर्षापर्यंत उरकले जाई, तेथे ती मर्यादा सतरावर गेली. एक वर्ष म्हणजे अल्प, असे कोणी म्हणेल. परंतु वाढत्या हाडांच्या मुलीस मिळालेले ते एक वर्ष म्हणजे तिच्या पहिल्या बाळंतपणाची तयारीच होय.

येथे स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखकाने जन्मभर या जिल्ह्यातील शाळांत अध्यापन केले. सातवीतील एक हुशार मुलगी उन्हाळ्याच्या सुटीनंतर वर्गात आली नाही. तिला उजविली होती, आणि त्या मांडवात मीही अक्षता टाकून, पंगतीस बसून आलो होतो. दोन वर्षांनी ती बाळंतपणास माहेरी आली. मूल दगावले, आणि ती कित्येक महिने अंथरुणास खिळली. हजेरीपटावरील तिच्या नावावर मी लाल शाईची रेघ ओढली होती. त्यावेळी तिच्या वडिलांशी दोन शब्द बोललो असतो, तर ते रागावले असते, एवढेच.

हे जुने झाले, असे समजू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जालना जिल्ह्यातील विशीतील तरुण विवाहित-अविवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले; राज्याचे प्रमाण सुमारे २२ आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे जिल्ह्यात मुली अवघ्या ८७०. या आकड्यांत आपलीही घरे आहेत.

म्हणून आपल्या संघास नम्र सूचना. वधूवर मेळाव्यात व सामुदायिक विवाहात जन्माचा दाखला पाहिल्यावाचून नाव नोंदवू नये. अशा विवाहास पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये. समाजमंदिरात आठवड्यातून एक सायंकाळ मुलींसाठी राखावी आणि गावच्या आशाताईंस मानाने बोलवावे. सासवांनाही बोलवावे, कारण सुनेस दवाखान्यात केव्हा न्यावयाचे हे बहुधा त्याच ठरवितात. पुरुषांनी तर अवश्य यावे.

कायदा सरकारने केला, औषधे डॉक्टरांनी दिली. परंतु मुहूर्त मात्र आपणच काढतो. तो दोन वर्षे पुढे ढकलणे आपल्या हाती आहे.