कुंडीतले गाजर : पानांना भुलू नका!

कुंडीत प्रथमच गाजर लावणाऱ्यांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. कोथिंबिरीची आठवण करून देणारी हिरवीगार पाने वाढतात, घरात कौतुक होते आणि तीन महिन्यांनी उपटून पाहावे, तर हाती येते करंगळीएवढे, फाटे फुटलेले मूळ. दोष बियाण्याचाच असतो असे नाही. मुळाला काय हवे, याचा विचार पेरणीपूर्वीच करावा लागतो. आत बिघडलेले मूळ पुढे सुधारता येत नाही.

कुंडी आणि माती

कुंडी रुंद व किमान एक फूट (३० सेंटिमीटर) खोल असावी. ग्रो बॅग किंवा तळाला भोके पाडलेला तेलाचा डबाही चालतो. काळी चिकण माती टाळावी. चाळलेली पोयटा माती दोन भाग, वाळू किंवा कोकोपीट एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, असे मिश्रण करावे. खडा आडवा आला किंवा खत कच्चे राहिले, की मुळाला फाटे फुटतात.

हंगाम आणि जाती

गाजर हे थंडीचे पीक. १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात मूळ चांगले पोसते व रंगही खुलतो. पुणे, नाशिककडे ऑक्टोबरपासून पेरणी करता येते. मुंबईकरांनी ऑक्टोबरचा उकाडा ओसरू द्यावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली लाल ‘पुसा केसर’ आणि केशरी ‘पुसा मेघाली’ या जाती आपल्याकडील हवामान सोसतात. बोथट टोकाची ‘नान्टेस’ आखूड असल्याने कुंडीला सोयीची. मात्र तिला थंडी अधिक लागते.

पेरणी आणि विरळणी

वांगी-टोमॅटोप्रमाणे रोप तयार करून गाजर लावू नये. उपटताना मूळ दुखावते व पुढे वाकडे वाढते. बी थेट कुंडीतच, एक सेंटिमीटर खोल पेरावे. उगवणीस दहा ते पंधरा दिवस लागतात. तोवर माती सुकू नये म्हणून ओले गोणपाट झाकावे आणि कोंब दिसताच ते काढावे.

पुढचे काम नवख्याला जड जाते. रोपे बोटभर उंच झाली, की दोन रोपांत पाच ते सात सेंटिमीटर अंतर ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. येथे दया दाखवली, तर एकही गाजर धड पोसत नाही.

निगा आणि काढणी

कुंडीला रोज किमान सहा तास ऊन मिळावे. पाणी थोडे, पण नियमित द्यावे. माती कोरडी पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिल्यास गाजर तडकते. युरियासारख्या नत्रयुक्त खताने पाने माजतात, मूळ बारीक राहते. गाजराचा माथा उघडा पडल्यास तो हिरवा होतो. त्यावर मातीची भर द्यावी. साधारण ९० ते १०० दिवसांनी बुंध्याजवळची माती सारून जाडी पाहावी व काढणी करावी. फार काळ ठेवल्यास गाभा कठीण होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले गाजर जानेवारीच्या मध्यास, म्हणजे भोगीच्या सुमारास तयार होते. फूटभर रुंदीच्या कुंडीतून निघणारी दहा-बारा गाजरे बाजारहाट वाचवणार नाहीत. भोगीच्या भाजीत मात्र घरचे गाजर नक्की पडेल.