भोंग्याआधीचे तास

आजचा विषय आहे पहाट. कामासाठी बाईनं किती पहाटे घर सोडावं, आणि ती वेळ कुणी ठरवावी? आपल्या बचत गटांच्या बैठकीत हा प्रश्न हल्ली वारंवार निघतो. मजुरीच्या पैशावर आपण भांडतो, हिशेबालाही पक्क्या आहोत. पण वेळेचं बोलायला गेलं की कुणीतरी लगेच म्हणतं, "काम पाहिजे तर उठायला नको?" म्हणून आज मी थोडी मागे जाणार आहे, मुंबईच्या कापड गिरण्यांच्या काळात. तिथं राबायला गेलेली माणसं आपलीच होती. कोकणातली होती, आपल्या सातारा जिल्ह्यातली होती, घाटावरची होती. सकाळी किती वाजता कामावर यायचं, यावरून त्यांनी चांगलाच वाद घातला होता.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्या वाढत गेल्या. तेव्हा कामाची वेळ घड्याळावर नव्हती, सूर्यावर होती. उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून तास जरा कमी. उन्हाळ्यात तेच काम तेरा-चौदा तासांवर जायचं. आठवड्याची सुट्टी नव्हतीच.

आता यातली गोम बघा. उजाडताना गिरणीत हजर राहायचं म्हणजे घरून अंधारात निघायचं. कामगाराच्या खोलीत घड्याळ नाही. उशीर झाला तर दंड. मग माणूस काय करणार? अंदाजानं, गरजेपेक्षा लवकरच निघणार. आणि तो निघण्याआधी घरातल्या बाईनं चूल पेटवून भाकरी थापलेली असणार. ती बाई स्वतः गिरणीत जाणारी असली, तर हे सगळं करून पुन्हा तिलाही निघायचंच.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला, पण तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसांच्या आणि बायकांच्या तासांबद्दल त्यात काही नव्हतं. १८८४ मध्ये सरकारनं चौकशीसाठी कमिशन नेमलं. तेव्हा 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनला दिला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. त्या अर्जात रविवारची सुट्टी मागितली होती, दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती, पगार वेळेवर मागितला होता, अपघात झाला तर भरपाई मागितली होती. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्यातली आणखी एक मागणी मला फार महत्त्वाची वाटते. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.

दिवसाचं संध्याकाळचं टोक त्यांनी सूर्यावरच ठेवलं, पण सकाळचं टोक मात्र घड्याळाला बांधून मागितलं. असं का केलं असेल? मी जरा हिशेब केला. त्या काळच्या मुंबईच्या घड्याळानं जानेवारीत सूर्य साधारण साडेसहाला उगवायचा आणि जूनमध्ये पाच वीसच्या सुमाराला. म्हणजे कडाक्याच्या थंडीत जेवढं उशिरा काम सुरू व्हायचं, तेवढंच उशिरा बारा महिने व्हावं, असं ते म्हणत होते. उन्हाळ्यात त्यानं तासाभराची झोप वाचली असती. ही मागणी आळशी माणसाची नाही. चौदा तास राबणाऱ्याला कोणता एक तास सगळ्यात जास्त खातो, ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

लढा पुढे चालू राहिला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन बायका उभ्या राहून बोलल्या. एवढ्या गर्दीत, त्या काळात! इतिहासाच्या पुस्तकांत त्या 'दोन स्त्री कामगार' एवढ्याच उरल्या आहेत. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांचं नाव आपण त्या रविवारासाठी घेतो, आणि घ्यायलाच हवं. साडेसहाची मागणी मात्र मागे पडली.

१८९१ च्या कायद्यानं बायकांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. रात्री आठ ते पहाटे पाच बायकांना कामावर ठेवायचं नाही, असाही नियम आला. पहाटे पाच! म्हणजे पाचला गिरणीच्या फाटकात असलेली बाई घरी कधी उठली असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको. तरी नियम आला हे बरंच झालं, कारण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवे आले तसा सूर्य मावळायची वाट बघायची गरजच संपली. १९०५ च्या सुमाराला पुरुष कामगारांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला.

त्याच सुमाराला आणखी एक गंमत झाली. तेव्हा मुंबईची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेगळी असायची. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, आणि ती मुंबईच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे होती. गाडी गाठायची तर आपल्या घड्याळाच्या अर्धा तास आधी निघायला लागायचं. मग १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं साऱ्या देशाला एकच प्रमाण वेळ लावली, तीच आपण आज वापरतो. ती मुंबईच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं पुढे होती. शिकलेल्या लोकांना वाटलं, घड्याळाचा काटाच तर पुढे करायचा आहे. गिरणी कामगारांना मात्र ते लगेच कळलं. फाटक त्याच आकड्यावर उघडणार, पण सूर्य त्या आकड्याला उगवणार नाही. नव्या घड्याळाचे सकाळचे सहा म्हणजे कालचे पाच एकवीस. त्या जानेवारीत मुंबईतल्या हजारो कामगारांनी काम बंद केलं, दगडफेक झाली. शहरातल्या पुढाऱ्यांचाही नव्या वेळेला विरोध होता आणि मुंबईत पुढे कितीतरी वर्षं दोन घड्याळं चालली. पण पुढाऱ्यांचा विरोध मानाचा होता. कामगाराच्या अंगावर मात्र पहाटेची एकोणचाळीस मिनिटं पडली होती.

गिरणीत बायका मुख्यतः वायंडिंग आणि रिळिंग खात्यांत असायच्या. त्यांना कामावर पैसे, म्हणजे जेवढं सूत गुंडाळलं तेवढी मजुरी. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्या घरचा स्वयंपाक उरकून जरा उशिरानं आल्या तरी चालायचं. हे कुठल्या कायद्यानं दिलेलं नव्हतं. खात्यात पडलेली ती रीत होती. तिच्यामुळे मुलं-बाळं असलेली बाई गिरणीत टिकू शकत होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार बाई होती.

पुढे शिस्त वाढली, यंत्रं बदलली, दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या. १९३४ च्या कायद्यानं बायकांना सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला बंदी केली. १९४८ च्या कारखाना कायद्यातही तेच राहिलं. चांगल्यासाठीच केलेली गोष्ट. पण मालकानं हिशेब केला की पहाटेच्या पाळीला येत नाही, रात्रीच्या पाळीला थांबत नाही, तर बाईला घ्यायचीच कशाला? यंत्रं बदलल्यानंही जागा गेल्या, पण पाळ्यांचं हे कारण मोठं होतं. बायकांची संख्या घसरत गेली. म्हणून मी वेळेची बाजू मांडते तेव्हा नुसती बंदी मागत नाही. बंदीचं ओझं पुन्हा आपल्याच डोक्यावर येतं. २०२० च्या नव्या कामगार संहितेत बाईची संमती घेऊन आणि सुरक्षिततेची सोय करून तिला सहाच्या आधी, सातनंतर कामावर ठेवता येईल, असं लिहिलं आहे. संमती शब्द छान आहे. पण नाही म्हटलं तर जागा दुसरीला जाणार हे माहीत असताना दिलेली संमती कशी असते, ते आपण जाणतो.

या सगळ्या कायद्यांत एक गोष्ट सारखी आहे. दिवस मोजायला सुरुवात फाटकापासून होते. घर ते फाटक हा वेळ कुणाच्याच वहीत नाही. गिरणगावात ते कसंबसं निभावलं, कारण लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळी गिरण्यांना खेटून होत्या. बहुतेक कामगार गिरणीपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत राहायचे. भोंगा घरात ऐकू यायचा. आणि एकटे राहणारे पुरुष जेवायचे ते खानावळवाल्या बायकांकडे. दहा-पंधरा जणांचे डबे, तेही निरनिराळ्या पाळ्यांचे. पहाटेच्या पाळीवाल्याच्या आधी ही बाई उठायची आणि रात्रपाळीचा माणूस जेवला की झोपायची. तिचे तास तर कुठल्याच कायद्यात नव्हते. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपण ज्याला बचत गटाचं काम म्हणतो, त्याची ही एक थोरली बहीणच.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, माणसं कल्याण, विरार, बदलापूरकडे पांगली. घर ते काम हे अंतर पंधरा मिनिटांवरून दीड-दोन तासांवर गेलं. कायद्यातला दिवस मात्र तेवढाच राहिला.

आपल्याकडे आता द्राक्षबागांच्या विरळणीला, कांद्याच्या काढणीला जीप येते. एका गटातल्या मावशींनी मला सांगितलं, "जीप साडेचारला, म्हणजे मी अडीचला उठते. आंघोळ, भाकरी, म्हातारीचं औषध, नातवाचा डबा." बागेत काम सुरू होतं सातला. मजुरी सातपासून. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून लवकर जाणं मला पटतं, आपण स्वतःच्या रानातही तसंच करतो. पण इथं ऊन हे कारण नाही. बाग लांब आहे आणि जीप तीन गावं फिरून माणसं गोळा करते, हे कारण आहे. लांबची बाग ही मुकादमाची सोय, आणि झोप जाते ती बाईची. हे रास्त नाही.

अंतर मोजताच येत नाही, असं कुणी म्हणेल. येतं. १९७२ च्या दुष्काळात वाढलेली आपली रोजगार हमी आठवा. तिचा १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा झाला आणि मग २००५ मध्ये केंद्राचा. त्या केंद्राच्या कायद्यात लिहिलं होतं की काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचं. त्याहून लांब दिलं, तर प्रवास आणि राहण्याच्या वाढीव खर्चापोटी मजुरीच्या दहा टक्के जास्त द्यायचे. रक्कम लहान असेल. पण रस्त्याचीही किंमत असते, हे तिथं कागदावर आलं होतं.

आमच्या दोन गटांनी या हंगामात तसंच करून बघायचं ठरवलं. रजिस्टरमध्ये हजेरीच्या शेजारी दोन रकाने आखले, जीप घरून किती वाजता निघाली आणि संध्याकाळी किती वाजता सोडलं. पंधरा दिवसांची वही घेऊन आम्ही पाच जणी मुकादमाकडे गेलो. लांबच्या बागेला वाढीव पैसे आणि जीप साडेचारऐवजी पाचला, एवढंच मागितलं. त्यांनी वही उलटून पालटून बघितली. जीप पाचला आणायला ते हो म्हणाले. पैशाचं बागवाल्यांना विचारून सांगतो म्हणालेत.