आन्यांगची राणी आणि हाडावरची एक नोंद

आजचा भाग जरा घरगुती आहे. गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची आहे, पण ती ऐकताना माझ्या शेजारी माझी आई आणि माझी दहा वर्षांची लेक उभी होती. त्यामुळे नुसता इतिहास सांगून आज भागणार नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बीजिंगला राहत होतो, तेव्हा आई कराडहून महिनाभर आली होती. भिंत पाहून झाली, राजवाडा पाहून झाला. मग मी म्हटलं, चला, आन्यांगला जाऊ. वेगवान गाडीने तीन तासांच्या आत आपण हनान प्रांतातल्या या शहरात पोचतो. तिथे हुआन नदीच्या काठावर यिनशू आहे, म्हणजे शांग राजांच्या शेवटच्या राजधानीचे अवशेष. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता ही जागा सापडली कशी, ते बघा. एकोणिसाव्या शतकात इथले शेतकरी नांगरताना मिळालेली जुनी हाडं औषधाच्या दुकानात विकायचे. ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून ती कुटून औषधात घालत. १८९९ मध्ये वांग यीरोंग नावाच्या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, की या हाडांवर अक्षरं आहेत. माग काढत काढत लोक आन्यांगजवळच्या श्याओतुन गावापर्यंत पोचले आणि १९२८ मध्ये रीतसर उत्खनन सुरू झालं. १९३६ साली तर एकाच खड्ड्यात १७ हजारांहून जास्त कोरीव तुकडे मिळाले.

ही हाडं म्हणजे राजाचे कौल. आपल्याकडे देवाला कौल लावतात ना, तसंच. कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घ्यायचं, मागच्या बाजूने खाचा करायच्या आणि तिथे तापलेलं टोक टेकवायचं. हाड तडकतं. त्या भेगा पाहून राजा उत्तर सांगायचा. पाऊस पडेल का? लढाई करावी का? दात दुखतोय, तो कुठल्या पूर्वजाच्या कोपामुळे? प्रश्न हाडावर कोरून ठेवत आणि कधीकधी पुढे काय घडलं तेही.

या नोंदींमध्ये एक नाव दोनशेहून अधिक वेळा येतं: फू हाओ. ‘फू’ ही राजाच्या पत्नीची पदवी. ती राजा वू दिंगची राणी, काळ इ.स.पू. १२०० च्या आसपास. एका नोंदीत तिच्या मोहिमेसाठी १३ हजारांची फौज गोळा केल्याचा उल्लेख आहे. पण पुढे हजारेक वर्षांनी स-मा छ्यानने चीनचा मोठा इतिहास लिहिला, त्यात शांग राजांची यादी आहे आणि फू हाओचं नाव नाही. हाडं सापडली नसती, तर ही बाई कोणाला कळलीच नसती.

१९७६ मध्ये तिची कबर मिळाली, आणि ती शोधणाऱ्या पथकाच्या प्रमुखही एक बाई होत्या, झंग झेनश्यांग. नदीपलीकडच्या मोठमोठ्या राजकबरी चोरांनी कधीच लुटल्या होत्या. ही तुलनेने लहान, वर नंतरचं बांधकाम झालेलं, म्हणून वाचली. साडेसात मीटर खोल. आत ४६८ कांस्यवस्तू, ७५५ जेडच्या वस्तू आणि सुमारे ७ हजार कवड्या. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, पण समुद्रापासून एवढ्या लांब त्या कवड्या म्हणजे दौलत होती. आणि दोन मोठ्या कांस्य कुऱ्हाडी, त्यातली एक नऊ किलोंची. अशी कुऱ्हाड म्हणजे सेनापतीच्या अधिकाराची खूण.

खड्ड्याच्या काठावर उभं राहून आम्ही खाली पाहिलं. मूळ वस्तू आता संग्रहालयांत आहेत, इथे प्रतिकृती मांडल्यात. लेकीने विचारलं, “आई, ती बाकीची माणसं कोण?” खरं सांगणं भाग होतं. राणीबरोबर १६ माणसं आणि सहा कुत्रे बळी दिले होते. ती थोडा वेळ गप्प झाली. मीही झाले. राणीचं कौतुक करताना ही सोळा माणसं विसरता येत नाहीत.

मग बाहेर बाकावर बसून मी त्यांना एक नोंद सांगितली. फू हाओ गरोदर होती. राजाने कौल लावला, बाळंतपण चांगलं होईल का? त्याने भेगा वाचून शुभ दिवस सांगितले. पुढे निकाल कोरलाय: ३१ व्या दिवशी ती बाळंत झाली. चांगलं झालं नाही. मुलगी झाली.

आई काहीच बोलली नाही. आम्ही तिघी बहिणी, मी धाकटी. माझ्या वेळी घरात ना पेढे वाटले ना बर्फी, बारशाला आजोबा फिरकले नव्हते. हे मला मावशीकडून कळलं होतं, आईने कधी सांगितलं नव्हतं.

लेकीने विचारलं, “त्या बाळाचं नाव काय होतं?”

“नोंदीत नाव नाही गं.”

तेव्हा आई म्हणाली, “आपल्याकडे ठेवायचे की नाव. नकुशी.” आणि तिने नातीला सांगितलं, की आमच्या सातारा जिल्ह्यात अशा किती मुली होत्या, २०११ मध्ये सरकारी कार्यक्रमात अडीचशेहून जास्त ‘नकुशां’ना नवी नावं दिली. थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझंही तेच ठेवणार होते. मी ऐकलं नाही.”

मंडळी, हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

मला वाटायचं, एखाद्या समाजात एक बाई सेनापती झाली, म्हणजे तिथे बायकांना मान असणार. फू हाओची हाडं सांगतात, तसं नसतं. ज्या दरबाराने तिच्या हाती कुऱ्हाड दिली, त्याच दरबाराने तिच्या मुलीचा जन्म वाईट बातमी म्हणून कोरला. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच राजाच्या कारकिर्दीत घडल्या. म्हणून एखाद्या काळाबद्दल मत बनवताना राणीला काय मिळालं एवढंच पाहू नका, तिच्या पोटी मुलगी जन्मली तेव्हा काय लिहिलं गेलं, तेही पाहा.

तुमच्याही घरात न सांगितलेली अशी एखादी गोष्ट असेल. आई, आजी, मावशी आहेत तोवर विचारून घ्या. हाडावर कोरून ठेवणारं आता कोणी नाही.